'आम्ही' आणि 'आपण' : पथकप्रधान संगणकीय भूमिकाखेळाचा इतिहास

१

संगणकावरील खेळांकडे साहित्यसमीक्षेचे लक्ष वळले त्याला आता जवळजवळ तीन दशके होत आहेत. एस्पेन ऑर्सेथ यांचा 'सायबरटेक्स्ट' हा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर खेळ हे कथन आहे की नियमांची व्यवस्था आहे, हा वाद पाश्चात्त्य विद्यापीठांतून पुष्कळ रंगला. या वादात एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते : खेळणारी व्यक्ती एक आणि तिचा नायकही एक. वाचक आणि नायक यांच्या तादात्म्याविषयी कादंबरीच्या समीक्षेने जी कल्पना घडवली, तीच येथे थोड्याफार फरकाने वापरली जाते. परंतु संगणकीय खेळांच्या पहिल्या दोन दशकांतील एक महत्त्वाचा प्रकार या गृहीतात बसत नाही. 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि येथे 'भूमिकाखेळ' म्हटलेल्या प्रकाराची ही पथकप्रधान शाखा होय. तिच्यात खेळणारी व्यक्ती एकटी असते. पण भुयारात उतरते ते चार किंवा सहा जणांचे पथक. त्यात योद्धा असतो, पुरोहित असतो, मांत्रिक असतो, कुलपे उघडणारा चोर असतो. यांपैकी एकही जण कथेचा नायक नसतो आणि सगळे मिळून नायक असतात.

असा समूह स्वतःविषयी कोणत्या सर्वनामाने बोलेल, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटला तरी वस्तुतः तो या प्रकाराच्या रूपबंधाचा प्रश्न आहे. मराठीत उत्तम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' हे रूप ऐकणाऱ्याला वगळते. 'आपण' हे रूप त्याला सामावून घेते. ('आपण'चे आदरार्थी आणि आत्मवाचक उपयोग येथे बाजूला ठेवले आहेत.) इंग्रजीत हा भेद नाही. ज्या खेळांचा येथे विचार करावयाचा आहे ते अमेरिकेत, कॅनडात आणि युरोपात, मुख्यत्वे इंग्रजीत घडले. त्यामुळे त्यांच्या इतिहासात या दोन रूपांमधील जे स्थित्यंतर झाले ते त्यांच्या स्वतःच्या भाषेत सहजी दिसत नाही. मराठी व्याकरणाच्या भिंगातून मात्र ते स्पष्ट दिसते.

या प्रकाराचा इतिहास सामान्यतः प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आरंभी मुक्या बाहुल्या होत्या, पुढे त्यांना स्वभाव आला, वाणी आली, भूतकाळ आला आणि अखेर खेळाला साहित्याचे मोल प्राप्त झाले, असा हा आलेख आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु लेखकाने लिहिलेल्या शब्दांची मोजदाद म्हणजेच साहित्यगुणांची मोजदाद, या समजुतीवर तो उभा आहे. ती समजूत बाजूला ठेवली तर याच इतिहासाला दुसरे रूप येते : एका मौखिक समूहाने बोललेले 'आपण' यंत्रावर हरवले, कागदावर काही काळ तगून राहिले आणि पुढे लेखकाने ते नव्याने लिहून वाचकाच्या हाती दिले.

२

या परंपरेचा उगम टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यामागे लुटुपुटूच्या लढायांच्या खेळांची दीर्घ परंपरा होती. त्या खेळांत एक आकृती अनेक सैनिकांचे प्रतिनिधित्व करीत असे आणि खेळणारा हा सेनापती असे. नव्या खेळात एका आकृतीमागे एकच व्यक्ती उभी राहिली आणि सेनापतीच्या जागी चार-सहा समान दर्जाचे सोबती आले. सैन्याचे पथक झाले, या एका बदलात पुढील सारा इतिहास बीजरूपाने साठवलेला आहे.

या खेळाची संहिता कोणती? छापील पुस्तिकांत नियम होते, कोष्टके होती, राक्षसांच्या याद्या होत्या; कथा मात्र नव्हती. कथा टेबलावर तोंडी घडत असे. एक जण पंच आणि निवेदक अशी दुहेरी भूमिका करी. तो भुयाराचे वर्णन करी, इतर जण आपापल्या पात्रांच्या कृती सांगत आणि निकाल फाशांवर सोपवला जाई. १९७४ च्या पुस्तिकांत नमुन्यादाखल एक संवाद दिला आहे. त्यात पंच आणि 'कॉलर', म्हणजे सर्वांच्या वतीने बोलणारा प्रवक्ता, असे दोघेच बोलतात आणि प्रवक्ता आपल्या पथकाचा उल्लेख प्रथमपुरुषी अनेकवचनात करतो.

इंग्रजीतील या एका सर्वनामाचे मराठीत दोन तुकडे पडतात. पथकातील मंडळी एकमेकांशी विचारविनिमय करतात तेव्हा ती 'आपण' म्हणतात : आपण डावीकडे वळू, आपण दार फोडू. निर्णय झाल्यावर प्रवक्ता पंचाला सांगतो ते 'आम्ही' : आम्ही दार फोडतो. म्हणजे प्रत्येक 'आम्ही'च्या पोटात आधी झालेले एक 'आपण' असते. त्यात मतभेद असतो, भीती असते, थट्टा असते, कोणाची तरी नाराजी असते. निवेदकापर्यंत पोहोचते ती केवळ फलश्रुती. कथेचा समृद्ध भाग मात्र त्या अंतर्गत बोलण्यात असतो आणि तो कोठेही लिहिला जात नाही. या साहित्यप्रकाराच्या इतिहासातील पहिले स्थान अशा रीतीने एका अलिखित संवादाकडे जाते.

३

हा खेळ संगणकावर आला तो विद्यापीठांतून. इलिनॉय विद्यापीठात शिक्षणासाठी उभारलेल्या 'प्लेटो' या संगणकजालावर १९७५ च्या सुमारास भुयारांचे खेळ दिसू लागले. ते पाठांसाठी राखलेल्या जागेत लपवलेले असत आणि व्यवस्थापक ते पुसून टाकीत. 'प्लेटो'वर अनेक जण एकाच वेळी बसू शकत. त्यामुळे १९७७ च्या सुमारास तयार झालेल्या 'ऊब्लिएट' या खेळात खरीखुरी माणसे आपापल्या पडद्यासमोर बसून एक पथक बनवीत. टेबलावरचे 'आपण' तेथे अजून जिवंत होते.

घरगुती संगणकाने ते तोडले. १९८१ साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातील दोघांचा 'विझर्ड्री' हा खेळ अ‍ॅपल-२ या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. घरात यंत्र एक, खेळणारा एक. पथक मात्र सहा जणांचेच राहिले. दहा मजल्यांचे भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, पडद्याच्या कोपऱ्यात रेषांनी काढलेली एक चिंचोळी वाट, आणि खाली सहा नावांची यादी. नावे खेळणाऱ्याने दिलेली. त्यांना चेहरा नाही, संवाद नाही, भूतकाळ नाही. कथेच्या नावाने एवढेच, की वर्डना नावाच्या मांत्रिकाने राजा ट्रेबोर याचा ताईत पळवला आहे. वर्डना आणि ट्रेबोर ही कर्त्यांचीच नावे उलटी लिहून केलेली. कथेविषयीची त्यांची वृत्ती या थट्टेत उघडच दिसते.

लेखकाच्या शब्दांची मोजदाद केली तर 'विझर्ड्री'च्या वाट्याला साहित्य म्हणून जवळजवळ काहीच येत नाही. परंतु या खेळाच्या नियमांकडे कथनाची तंत्रे म्हणून पाहिले तर चित्र बदलते. त्यांतील मृत्यूचा नियम विशेष पाहण्यासारखा आहे. येथे घडलेली गोष्ट चकतीवर तत्काळ नोंदली जाई. मागे फिरण्याची सोय नव्हती. पात्र मेले तर मंदिरात दान देऊन त्याला उठवता येई, पण विधी फसला तर त्याची राख होई आणि राखेवरचा विधीही फसला तर ते नाव कायमचे नाहीसे होई. सगळे पथक मारले गेले तरी खेळ संपत नसे. प्रेते भुयारात जेथे पडली तेथेच राहत आणि खेळणाऱ्याला नवे पथक उभे करून जुन्यांना परत आणण्यासाठी धाडावे लागे. म्हणजे या कथेत नायकाच्या मृत्यूने कथा थांबत नाही. उलट मृत्यू हाच पुढच्या कथेचा हेतू होतो. संकट ओढवताच यंत्रातून चकती घाईघाईने उपसून काढणारे खेळाडू होते. ज्या पात्रांच्या वाट्याला लेखकाने एक वाक्यही लिहिले नाही, त्यांच्यासाठी ही धडपड होत होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा विचार मांडला आहे. संहिता जे सांगत नाही ते वाचक भरून काढतो आणि या भरण्यातूनच अर्थ घडतो, हे त्याचे सार. 'विझर्ड्री'त रिक्त जागा ही संहितेतील फट नसून पथक हीच एक अखंड रिक्त जागा आहे. खेळणारा ग्राफपेपरवर भुयाराचा नकाशा काढी, मंत्रांची नावे स्वतः टंकित करी, आपल्या सहा जणांचे परस्परसंबंध मनात रचीत राही. तरीही येथे काहीतरी गमावलेले होते. खेळणारा 'आम्ही' म्हणू शके, कारण पथक त्याचे होते. 'आपण' म्हणण्यासाठी मात्र समोर कोणी नव्हते. टेबलावरचा अलिखित संवाद आता एका माणसाचे अलिखित स्वगत झाला होता.

४

हे रिकामेपण भरून काढण्याचे दोन निरनिराळे प्रयत्न त्याच दशकात झाले.

पहिला प्रयत्न रिचर्ड गॅरियट यांचा. त्यांच्या 'अल्टिमा' मालिकेतील तिसऱ्या खेळात, १९८३ साली, खेळणाराच चार जणांचे पथक तयार करीत असे. १९८५ सालच्या चौथ्या खेळात मात्र आरंभी नैतिक पेचांचे प्रश्न विचारले जातात. उत्तरांवरून आठ सद्गुणांपैकी एक आणि त्याला जोडलेला पेशा खेळणाऱ्याच्या वाट्याला येतो. उरलेल्या सात पेशांचे सात नामांकित सहचर जगात विखुरलेले असतात. ध्येय आहे 'अवतार' होणे. संस्कृतातून आलेला हा शब्द खेळाच्या शीर्षकातच आहे. येथे पथक राहिले, पण त्याच्या मध्यभागी एक 'मी' स्थापन झाला. समूहनायकाच्या इतिहासातील हे निर्णायक वळण म्हणावे लागेल.

दुसरा प्रयत्न कागदाचा. अ‍ॅपल-२ च्या चकतीच्या एका बाजूवर १४० किलोबाइट इतकीच माहिती मावत असे. गद्यासाठी तेथे जागा नव्हती. १९८८ साली एसएसआय या कंपनीने काढलेल्या 'पूल ऑफ रेडियन्स' या खेळाबरोबर म्हणून एक छापील रोजनिशी दिलेली असे. ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावर पडदा केवळ एक क्रमांक दाखवी आणि खेळणारा पुस्तिकेतील त्या क्रमांकाची नोंद वाची. पुढची पाने आधीच वाचून टाकणाऱ्याला चकवण्याची व्यवस्थाही होती. गुत्त्यात ऐकू येणाऱ्या वदंतांपैकी काही खोट्या असत. त्याच वर्षीच्या 'वेस्टलँड' या खेळाच्या पुस्तिकेत तर मंगळावरील एका मोहिमेचे परिच्छेद होते आणि अशी मोहीम खेळात कोठेच नव्हती. तांत्रिक टंचाईतून निघालेली ही युक्ती साहित्यदृष्ट्या कमालीची आधुनिक आहे. संहिता दोन माध्यमांत विभागली गेली आहे, तिच्यातील काही पाने वाचकाला फसवण्यासाठीच लिहिलेली आहेत, आणि कोणते पान खरे हे वाचनाने नव्हे तर कृतीने ठरते.

'पूल ऑफ रेडियन्स' पथकाला संबोधतो ते 'यू' या सर्वनामाने. इंग्रजीत त्याचे वचन कळत नाही : निवेदक एकट्या खेळणाऱ्याशी बोलतो आहे की सहा जणांशी? मराठी अनुवादकाला 'तू' आणि 'तुम्ही' यांतून निवड करावीच लागेल. मूळ संहिता ही निवड टाळते, आणि ज्या काळी पथक अर्धे रिक्त आणि अर्धे लिखित होते त्या काळाला ही संदिग्धता साजेशीच म्हणावी लागेल.

या संक्रमणाचे सर्वांत नेमके रूप १९८७ सालच्या 'डंजन मास्टर'मध्ये सापडते. आरंभीच्या दालनात चोवीस आरसे आहेत. प्रत्येकात पूर्वी भुयारात बळी पडलेला एक वीर बंदिस्त आहे. त्यांतून चार जणांपर्यंत निवडावयाचे. कथेप्रमाणे खेळणारा स्वतः देहहीन आहे. त्याला हालचाल करावयाची ती या वीरांच्या देहांतून. प्रत्येक आरशापुढे दोन पर्याय येतात. पुनरुज्जीवन केले तर वीर आपल्या नावासह आणि कमावलेल्या कौशल्यांसह परत येतो. पुनर्जन्म दिला तर जुने नाव आणि कौशल्ये पुसली जातात, मूळची शक्ती वाढते, आणि नवे नाव खेळणारा ठेवतो. लेखकाने दिलेला भूतकाळ स्वीकारावा की तो पुसून स्वतःचा लिहावा, हा पुढील तीस वर्षांचा वादविषय येथे दोन बटनांच्या रूपाने उभा आहे. वाद घालणाऱ्यांनी मात्र त्याकडे खेळाची एक सोय म्हणूनच पाहिले.

५

नव्वदच्या दशकात सीडी आली आणि टंचाई संपली. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेचा 'बॉल्डर्स गेट' हा खेळ डिसेंबर १९९८ मध्ये पाच सीडींवर प्रसिद्ध झाला. पथक पुन्हा सहा जणांचेच, परंतु खेळणारा घडवतो तो एकालाच. उरलेले पाच जण वाटेत भेटतात. ते स्वतःची नावे, आवाज, हट्ट आणि वैरे घेऊन येतात. 'विझर्ड्री'त सत्प्रवृत्त आणि दुष्प्रवृत्त पात्रे एकाच पथकात घेता येत नसत. तो नियम होता. येथे त्याच नियमाचा प्रसंग झाला आहे : अशी पात्रे एकत्र घेता येतात, ती कुरबुरतात आणि शेवटी एकमेकांवर शस्त्र उगारतात. काही जण जोडीने येतात आणि जोडीनेच जातात. नायकाची कीर्ती न रुचल्यास सहचर पथक सोडून निघून जातो.

२००० साली आलेल्या दुसऱ्या भागात सहचर आपसांतही बोलू लागले. पथक वाट चालत असता दोन सहचर एकमेकांना टोमणे मारतात, दुःखे सांगतात. खेळणाऱ्याने केवळ ऐकावयाचे. टेबलावर जो संवाद अलिखित होता तो आता लिहिला गेला. 'आपण' परत आले. बाख्तिन यांनी दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांत जी बहुस्वरता दाखवली तिची आठवण यावी, इतके हे आवाज कधीकधी लेखकापासून मोकळे होतात.

याचे मोलही द्यावे लागले. 'विझर्ड्री'त कोणाच्याही मृत्यूने खेळ संपत नसे. 'बॉल्डर्स गेट'मध्ये मध्यवर्ती नायक मेला की खेळ तेथेच संपतो, सहचर जिवंत असले तरी. समूहनायक नाहीसा झाला. एक नायक आणि त्याचा परिवार ही महाकाव्यांपासून परिचित असलेली रचना परत आली. शिवाय ज्याची कथा लेखकाने पुढे लिहून ठेवली आहे असा सहचर मेला तर तेवढी संहिता वाचावयाची राहून जाते. म्हणून खेळणारा आधीची नोंद उघडून तो मृत्यू रद्द करतो. लिखित पात्र मरू देणे वाचकाला परवडत नाही. अलिखित पात्राचा मृत्यू मात्र त्याला सोसावा लागत होता.

१९९९ सालच्या ब्लॅक आइल या संस्थेच्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' या खेळाने हा पेच ओळखला असे दिसते. त्याचा नायक निनावी आणि अमर आहे. मरणानंतर तो पुन्हा उठतो, पण पूर्वीच्या जन्मांची स्मृती त्याला नाही. सहचरांपैकी काही जण त्याच्या त्या विसरलेल्या जन्मांशी बांधलेले आहेत. त्यांना तो आठवतो, त्याला ते आठवत नाहीत. दाक्कॉन हा योद्धा ज्या वचनाने त्याच्यापाशी जखडला आहे ते वचन घेण्यामागचा डाव नायकाला नव्याने वाचून काढावा लागतो. कथेच्या शेवटाकडे तो आपल्याच पूर्वीच्या रूपांसमोर उभा राहतो. येथे 'मी' हाच एक 'आम्ही' आहे आणि पथक हे त्या 'मी'च्या कृत्यांची जिवंत नोंदवही आहे. समूहनायक एका देहात परतला, असे या रचनेचे वर्णन करता येईल. लिखित पथकाच्या पद्धतीतून याहून पुढे जाणारी कृती दाखवणे कठीण आहे.

याच संस्थेने २००० साली, 'बॉल्डर्स गेट'चीच संगणकीय यंत्रणा वापरून, 'आइसविंड डेल' काढला. त्यात सहाही पात्रे खेळणाऱ्याने घडवावयाची होती आणि ती पूर्वीसारखीच अबोल होती. तंत्र तेच, संस्था तीच, काळ तोच. यावरून रिक्त पथक हा केवळ तांत्रिक दारिद्र्याचा परिणाम नव्हता, तर तो एक स्वतंत्र आणि जाणीवपूर्वक निवडण्याजोगा रूपबंध होता, हे सिद्ध होते. प्रगतीचा आलेख येथे कोलमडतो.

जपानमध्ये 'विझर्ड्री'ने रुजवलेल्या शाखेतही असाच प्रवास झाला. 'फायनल फँटसी' या मालिकेच्या १९८७ सालच्या पहिल्या खेळात चार अनाम वीर होते. १९९१ सालच्या चौथ्या खेळात प्रत्येक पात्राला नाव आणि स्वतःचे कथानक होते.

६

डिसेंबर २००३ मध्ये ब्लॅक आइल बंद झाली आणि जुन्या धर्तीचे पथकप्रधान खेळ काही वर्षे क्षीण झाले. त्यांचे पुनरुज्जीवन वाचकांनीच केले, आणि हे विधान शब्दशः घ्यावयाचे आहे. २०१२ साली ऑब्सिडियन या संस्थेने वर्गणीचे आवाहन केले तेव्हा जवळजवळ ७४ हजार लोकांनी मिळून सुमारे ४० लाख डॉलर दिले. त्यातून २०१५ साली 'पिलर्स ऑफ इटर्निटी' तयार झाला. यात आठ लिखित सहचर आहेत. पण कोणत्याही खाणावळीत पैसे मोजून खेळणारा स्वतःची अबोल पात्रेही घडवू शकतो. 'डंजन मास्टर'च्या आरशांपुढचे दोन पर्याय एका घराखाली नांदू लागले. याखेरीज सोनेरी अक्षरांत नावे असलेली काही माणसे या जगात ठिकठिकाणी उभी आहेत. वर्गणीदारांच्या कल्पनेतून आलेल्या या पात्रांच्या अंतरंगात डोकावले की एक लहानशी कथा वाचावयास मिळते. मुख्य कथानकाशी तिचा संबंध नसतो. रचनेच्या दृष्टीने हे दोषास्पदच आहे; परंतु पूर्वी खेळणाऱ्याच्या मनात राहणारी कथा येथे प्रथमच संहितेच्या पृष्ठभागावर आली, एवढे तिचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

बेल्जियममधील घेंट येथील लॅरियन या संस्थेच्या २०२३ सालच्या 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये हे सारे धागे एकत्र येतात. चौघांचे पथक, विपुल लिखित सहचर, आणि इच्छा असेल तर त्या सहचरांपैकीच एकाची भूमिका घेण्याची मुभा. लेखकाचे पात्र वाचकाचा मुखवटा होऊ शकते. ज्यांच्या वाट्याला कथा नाही असे भाडोत्री सोबतीही तळावर मिळतात. 'विझर्ड्री'च्या सहा नावांचे ते वंशज होत. आणि चार खरी माणसे मिळून हा खेळ खेळू लागली की त्यांचे आपसांतले बोलणे, तंटे, थट्टा हे सारे पुन्हा पडद्याबाहेर, संहितेबाहेर घडू लागते. १९७४ मधले टेबल परत मांडले जाते. त्या वेळी लिखित सहचरांचे 'आपण' आणि जिवंत माणसांचे 'आपण' ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि पहिल्याची नोंद राहते, दुसऱ्याची राहत नाही.

समीक्षेपुढील अडचण नेमकी येथे आहे. लिखित सहचरांचे विश्लेषण करणे तिला सोपे जाते, कारण अवतरण देता येईल अशी संहिता तेथे असते. रिक्त पथकाच्या बाबतीत पुराव्यादाखल उरतात ते ग्राफपेपरवरचे नकाशे, वीस नावांची मर्यादा असलेली चकतीवरची एक यादी आणि मृत्यूचा एक कठोर नियम. म्हणून इतिहास लिहिताना पहिल्याला साहित्य आणि दुसऱ्याला साहित्यपूर्व अवस्था ठरवण्याचा मोह होतो. परंतु नियम हाही कथनाचा एक प्रकार आहे. तो घटना सांगत नाही, घटना अटळ करतो. भुयारात पडलेल्या सहा प्रेतांना आणण्यासाठी नवे सहा जण निघतात तेव्हा तेथे लेखकाचे एकही वाक्य नसते. तरीही कर्तव्य, शोक आणि वारसा ही तिन्ही सूत्रे त्या कृतीत असतात. अशा कथेला संहितेचा दर्जा द्यावयाचा असेल तर संहिता या संकल्पनेचीच व्याप्ती वाढवावी लागेल. आणि तसे करावयाचे नसेल, तर या साहित्यप्रकाराच्या इतिहासाचा आरंभ १९९८ साली झाला असे मानावे लागेल. त्यापूर्वीच्या चोवीस वर्षांत ज्यांनी 'आपण' म्हटले त्यांचे म्हणणे मग हिशेबात येणार नाही.